काल प्रिंट निघत होती, आज निघत नाही: घरातल्या दोन कॉम्प्युटरमधलं शेअरिंग दुरुस्त करताना

हॉलमध्ये डेस्कटॉप, त्याला यूएसबी वायरने जोडलेला प्रिंटर, आतल्या खोलीत लॅपटॉप आणि दोन्हींना एकच वाय-फाय. लॅपटॉपवरून डेस्कटॉपमधलं फोल्डर उघडावं आणि तिथूनच प्रिंट काढावी, एवढीच अपेक्षा असते. बहुतेक घरांत एकदा हे जमतंही. मग लाईट जाऊन येते, विंडोजचं अपडेट होतं किंवा इंटरनेटवाला राउटर बदलून देतो, आणि जमलेलं बिघडतं.

या पोस्टमध्ये विंडोज १० आणि ११ धरले आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण घरोघरी डेस्कटॉपवर अजून तेच आहे आणि शेअरिंगपुरतं दोन्हींचं वागणं बहुतांशी सारखंच आहे. खाली जिथे ‘डेस्कटॉप’ लिहिलंय तिथे ज्या मशीनला प्रिंटर जोडलाय आणि ज्यात फोल्डर आहे ते समजा, आणि ‘लॅपटॉप’ म्हणजे दुसरं मशीन.

एक पथ्य पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासून बघा. व्हिडिओ बघत दहा सेटिंग्ज एका दमात बदलल्या तर शेअरिंग सुरू होईलही, पण नेमकं कशामुळे सुरू झालं ते कळणार नाही. महिन्याने पुन्हा बंद पडलं की परत दहाच्या दहा सेटिंग्ज चाचपत बसावं लागतं.

लक्षणं

- फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’मध्ये डेस्कटॉप दिसतच नाही.
- दिसतो, पण उघडताना ‘नेटवर्क पाथ सापडला नाही’ अशा अर्थाचा मेसेज येतो, कोड ०एक्स८००७००३५.
- नाव आणि पासवर्ड विचारतो, बरोबर टाकला तरी पुन्हा पुन्हा विचारतो.
- फोल्डर उघडतं, पण त्यात काही सेव्ह होत नाही.
- लॅपटॉपवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो आणि प्रिंट रांगेत अडकून राहतात.
- प्रिंटर जोडतानाच कोड येतो. बहुतेक वेळा त्याच्या शेवटी ११बी किंवा ७०९ असतं.
- एका दिशेने चालतं, उलट दिशेने नाही.

लाईट गेल्यावरच बिघडतं की अपडेटनंतरच, हेही आठवून ठेवा. पुढे कुठे बघायचं याचा अर्धा अंदाज तिथेच येतो.

आधी डेस्कटॉपवरूनच प्रिंट काढून बघा

डेस्कटॉपसमोर बसून टेस्ट पेज काढा. तिथूनच निघत नसेल तर हा शेअरिंगचा बिघाड नाहीच. कागद अडकलाय, टोनर संपलाय, वायर सैल आहे किंवा प्रिंटच्या रांगेच्या खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर टिक राहिली आहे. ते आधी मार्गी लावा.

मग डेस्कटॉप झोपतोय का ते बघा. सेटिंग्ज > सिस्टिम > पॉवरमध्ये वीज जोडलेली असतानाची ‘स्लीप’ची वेळ बघा आणि ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते. फोल्डर आणि प्रिंटर दोन्ही लॅपटॉपपर्यंत डेस्कटॉपच पोहोचवत असतो. तो स्लीपमध्ये गेला की लॅपटॉपच्या हाकेला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. ‘सकाळी चालतं, दुपारी चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

त्यानंतर दोन्ही मशीन रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल तर शट डाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो, म्हणजे अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. ‘रीस्टार्ट’ म्हटल्यावर मात्र सगळं मुळापासून सुरू होतं.

दोन्ही मशीन खरंच एका नेटवर्कवर आहेत का?

दोन्हीकडे सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जाऊन चालू कनेक्शनच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ लिहिलेला असतो. दोन्ही पत्ते कागदावर लिहून घ्या. डेस्कटॉपचा १९२.१६८.१.५ आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१.८ असेल तर ठीक, कारण पहिले तीन आकडे जुळतात. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल तर मशीन एका छताखाली असूनही वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत.

आपल्याकडे हे फार घडतं, कारण घरात राउटर दोन असतात. फायबर कनेक्शनसोबत आलेला डबा स्वतःच वाय-फाय देतो. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून वायर टाकून दुसरा राउटर लावलेला असतो, आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. ‘एका दिशेने चालतं’ हे लक्षण इथलंच. आतल्या राउटरवरचं मशीन बाहेरच्या राउटरवरच्या मशीनपर्यंत पोहोचू शकतं, पण बाहेरच्याने आतल्याला हाक मारली तर आतला राउटर ती दारातच अडवतो.

दुसऱ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (वेगळं नेटवर्क न करता पहिल्याचंच वाय-फाय पुढे नेणं) असेल तर तो लावला की काम झालं. नसेल तर आधी दुसऱ्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला (पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या), मग त्यातलं डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि पहिल्याकडून आलेली वायर ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’च्या खाचेत लावा. क्रम पाळा. पत्ता न बदलता वायर हलवली आणि दोघांचा पत्ता एकच निघाला तर घरातलं इंटरनेटही जाईल.

याच टप्प्यावर आणखी तीन गोष्टी बघून घ्या. लॅपटॉप ‘गेस्ट’ वाय-फायवर नको, कारण गेस्ट नेटवर्क मशीनना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतं. ऑफिसचं व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. त्या मशीनचं वाय-फाय तोडून परत जोडा किंवा केबल बदला.

नावाने सोडा, पत्त्याने उघडा

या सगळ्या तपासणीत सर्वात जास्त सांगून जाणारी चाचणी हीच, आणि तिला अर्धं मिनिटही लागत नाही. लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या छोट्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच डेस्कटॉपचा पत्ता टाइप करा: \\१९२.१६८.१.५ (आकडे अर्थातच इंग्रजीत). एंटर दाबा. आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

शेअर केलेली फोल्डर आणि प्रिंटर दिसले, म्हणजे शेअरिंग उत्तम चाललंय, फक्त नाव शोधण्यात घोळ आहे. फायरवॉल, पासवर्ड, परवानग्या यांना हात लावू नका.

नाव आणि पासवर्डची खिडकी आली, तर ती चांगली खूण आहे. वाट मोकळी आहे आणि अडचण फक्त खात्याची आहे. थेट खात्याच्या भागाकडे जा.

बराच वेळ हिरवी पट्टी सरकत राहिली आणि शेवटी ०एक्स८००७००३५ आला, तर वाटच बंद आहे. पुढचा फायरवॉलचा भाग तुमच्यासाठी आहे.

नावाचा घोळ असेल तर डेस्कटॉपवर ‘सर्व्हिसेस’ (विंडोजमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या कामांची यादी) उघडा आणि ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस शोधा. तिचा स्टार्टअप प्रकार ‘ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट)’ करा आणि ती सुरू करा. ‘मी इथे आहे’ असं नेटवर्कवर जाहीर करायचं काम तिचं. ती बंद असली तरी मशीन पत्त्याने उघडतं, पण यादीत दिसत नाही.

पत्त्याने उघडायची सवय लागली की पुढची अडचण येते: पत्ता बदलतो. राउटर प्रत्येक मशीनला पत्ता ठरावीक काळापुरता देतो. लाईट जाऊन आली की बरेच घरगुती राउटर आपली यादी विसरतात आणि जो आधी येईल त्याला आधी पत्ता देतात. काल ५ वर असलेला डेस्कटॉप आज ९ वर जातो आणि ५ हा पत्ता कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो. लाईट गेल्यावरच बिघडणाऱ्या शेअरिंगचं मूळ बहुधा इथे असतं.

उपाय राउटरमध्येच आहे. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकल्यावर उघडतं ते) डीएचसीपीखाली ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि डेस्कटॉपचा मॅक ॲड्रेस (त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) एका पत्त्याशी कायमचा बांधून टाका. डेस्कटॉप वाय-फायवर असेल तर त्यात ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ बंद असल्याची खात्री करा. ते चालू असेल तर राउटरला दिसणारा मॅक ॲड्रेस खरा नसतो, बदलूही शकतो, आणि मग रिझर्व्हेशनचा उपयोग नाही.

आणि वर्कग्रुपचं, म्हणजे विंडोजमधल्या मशीनच्या गटाचं, नाव. दोन्हीकडे ते सारखंच हवं म्हणून लोक तासन्‌तास घालवतात. जुन्या काळी यादीत एकत्र दिसण्यासाठी ते लागायचं. आज नाव वेगळं असलं तरी फोल्डर उघडतं आणि प्रिंटही निघते. ‘होमग्रुप’ तयार करा असं सांगणारे जुने लेखही सोडून द्या. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून ती सोयच काढून टाकलेली आहे.

पब्लिक की प्रायव्हेट, आणि फायरवॉल

विंडोज प्रत्येक नेटवर्कला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ ठरवतं. पब्लिक म्हणजे रेल्वे स्टेशनचं किंवा हॉटेलचं वाय-फाय. तिथे शेअरिंगची दारं बंद असणंच योग्य. पण नवीन नेटवर्क दिसलं की विंडोज त्याला आपणहून पब्लिकच धरतं, आणि राउटर किंवा वाय-फायचं नाव बदललं की तुमच्या घरचं नेटवर्कही त्याच्यासाठी नवीन होतं. राउटर बदलून गेल्यावर शेअरिंग बंद पडतं ते यामुळे.

दोन्ही मशीनवर कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रायव्हेट’ निवडा. विंडोज ११ तिथे पब्लिकपुढे ‘रेकमेंडेड’ लिहितं. घराच्या, पासवर्ड असलेल्या वाय-फायवर त्याकडे लक्ष देऊ नका. मग ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेटखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. विंडोज ११ मध्ये ते सेटिंग्ज > नेटवर्क अँड इंटरनेट > ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये सापडतं, विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये. या एका बटणाने विंडोजची फायरवॉल शेअरिंगला लागणारं ४४५ क्रमांकाचं पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचं दार) घरातल्या मशीनसाठी उघडते. हाताने नियम लिहायची गरज नाही.

तरीही वाट बंद असेल तर डेस्कटॉपवर विकतचा अँटिव्हायरस आहे का बघा. त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची फायरवॉल असते आणि ती विंडोजची सेटिंग्ज मानत नाही. पाच मिनिटांपुरती ती थांबवा, पत्त्याने उघडून बघा, आणि लगेच परत चालू करा. उघडलं तर त्या अँटिव्हायरसमध्ये घरचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ किंवा ‘होम’ करा. फायरवॉल कायमची बंद ठेवणं हा उपाय नाही. आणि राउटरमध्ये ४४५ पोर्ट बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नका, मग ते कुणीही सुचवलेलं असो.

खातं, पासवर्ड आणि परवानग्या

लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते इथे, कारण पासवर्ड बरोबर टाकूनही खिडकी परत येते. कारण बहुधा या तिघांपैकी एक असतं.

पहिलं, पिन. रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडायची सवय असते, म्हणून तोच पिन इथे टाकला जातो. पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो वर्षानुवर्षं वापरलाच नसल्याने कुणाला आठवत नाही.

दुसरं, पासवर्डच नसणं. डेस्कटॉपच्या खात्याला पासवर्ड ठेवलेला नसेल तर विंडोज त्या खात्याने समोर बसून काम करू देतं, नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. हा बिघाड नाही, सुरक्षेचा नियम आहे.

तिसरं, जुना साठवलेला पासवर्ड. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड तुम्ही फोनवरून बदलला, पण लॅपटॉप अजून जुनाच पाठवतोय.

या तिन्हींवर टिकाऊ उपाय एकच: शेअरिंगसाठी डेस्कटॉपवर वेगळं स्थानिक खातं. सेटिंग्ज > अकाउंट्समध्ये नवीन व्यक्ती जोडताना ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ आणि मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हे पर्याय घ्या. नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नको. खातं साधं ‘स्टँडर्ड’ ठेवा. पासवर्ड द्या आणि वहीत लिहून ठेवा. तुमचा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड उद्या बदलला तरी हे खातं जसंच्या तसं राहतं, त्यामुळे तोच बिघाड परत येत नाही.

आता फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शेअरिंग’ टॅब. तिथे दोन बटणं दिसतात: ‘शेअर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’. पहिलंच वापरा. नवं खातं निवडा आणि त्यापुढे ‘रीड/राइट’ द्या. फोल्डरला दोन कुलुपं असतात: एक नेटवर्कच्या दारावर, दुसरं डिस्कवरच्या फाइलींवर. साधं ‘शेअर’ दोन्ही कुलुपं उघडतं. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ फक्त पहिलं उघडतं, दुसऱ्यासाठी ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये वेगळी परवानगी द्यावी लागते. दोन्हींत जे जास्त कडक असेल तेच लागू होतं. ‘फोल्डर उघडतं, पण सेव्ह होत नाही’ हे लक्षण इथून येतं.

मग लॅपटॉपवर कंट्रोल पॅनेलमधलं ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडा, ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’मध्ये जा आणि डेस्कटॉपची जुनी नोंद असेल तर काढून टाका. नोंद नावाने असेल आणि पत्त्यानेही असेल तर दोन्ही काढा, विंडोज त्यांना वेगवेगळं समजतं. नवीन नोंद करताना वापरकर्त्याच्या जागी आधी डेस्कटॉपचं नाव, मग एक उलटी तिरकी रेघ, मग खात्याचं नाव असं लिहा. नुसतं खात्याचं नाव लिहिलं तर लॅपटॉप ते खातं स्वतःचंच समजू शकतो. पासवर्डच्या खिडकीतही तळाशी बारीक अक्षरांत ‘डोमेन’ म्हणून लॅपटॉपचंच नाव दिसलं तर गडबड हीच आहे, म्हणून तिथेही पूर्ण नाव लिहा. हे झाल्यावर लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा, कारण एकाच डेस्कटॉपशी एका वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडणी विंडोज होऊ देत नाही आणि जुनी जोडणी आतल्या आत जिवंत असू शकते.

या सगळ्या खटाटोपाऐवजी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नका. त्याने घराच्या वाय-फायवर येणारा कुणीही, पाहुण्याचा व्हायरस लागलेला लॅपटॉपसुद्धा, तुमच्या फोल्डरपर्यंत पोहोचतो. शिवाय आता तो धड चालतही नाही. २०२४ च्या विंडोज ११ २४एच२ पासून प्रो आवृत्तीत पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाणं बंद केलंय. ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ प्रवेश अडवल्याचा मेसेज येतो आणि घरात कुठली संस्था असा प्रश्न पडतो. त्याचा अर्थ एवढाच की पासवर्ड असलेलं खातं वापरा.

तसंच ‘एसएमबी१’ ही शेअरिंगची जुनी पद्धत चालू करण्याचं. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून शिरला होता, आणि त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती आपोआप बसत नाही. घरात विंडोज ७ चं मशीन असेल तरी तिची गरज नाही, ते नव्या पद्धतीने बोलू शकतं. गरज फक्त एक्सपीला लागते. एक्सपीमधल्या फाइली पेनड्राइव्हने आणा.

एक शेजारची गोष्ट. शेअर केलेली मराठी फाइल उघडली आणि अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसला, तर शेअरिंगला दोष देऊ नका. फाइल श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फाँट लॅपटॉपवर नाही. डेस्कटॉपवर तिची पीडीएफ करून घेतली की प्रश्न सुटतो.

प्रिंटर

फोल्डर उघडू लागल्याशिवाय प्रिंटरकडे वळू नका. वाट आणि खातं दोन्हींना तेच लागतं.

आधी डेस्कटॉपवर प्रिंटर दोनदा तर दिसत नाही ना बघा. सफाई करताना प्रिंटरची वायर काढली आणि परत लावताना वेगळ्या यूएसबी खाचेत लावली, तर विंडोज त्याला नवा प्रिंटर समजून ‘कॉपी १’ नावाची दुसरी नोंद तयार करू शकतं. शेअरिंग राहतं जुन्या नोंदीवर, प्रिंटर असतो नव्या नोंदीवर. लॅपटॉपवर मग कायम ‘ऑफलाइन’. वायर मूळ खाचेत लावा आणि त्या खाचेशेजारी एक चिकटपट्टी लावून ठेवा.

मग प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘शेअरिंग’ टॅबमध्ये शेअरचं नाव छोटं आणि सलग ठेवा. लॅपटॉपवर त्याच मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन आधी बसवा. ऑगस्ट २०२१ पासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात. प्रिंटच्या यंत्रणेत सापडलेल्या भोकांमुळे तो नियम आला. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारख्या, घरगुती ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं चालणाऱ्या यूएसबी प्रिंटरना विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर पुरत नाही, त्यांचा स्वतःचाच हवा.

११बी हा कोड सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर दिसू लागला. ७०९ मुख्यतः विंडोज ११ २२एच२ नंतर जास्त भेटतो, कारण प्रिंटसाठी मशीनांनी एकमेकांशी बोलायची पद्धत त्यात बदलली. म्हणून एक मशीन ताजं आणि दुसरं अपडेटविना असेल तर दोघांचं जुळत नाही. आधी दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करा आणि पुन्हा जोडून बघा. रजिस्ट्रीतलं (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या कोठारातलं) संरक्षण शून्यावर आणा किंवा अपडेट काढून टाका, हे दोन्ही सल्ले टाळा. पहिल्याने भोक पुन्हा उघडतं, दुसरं पुढच्या महिन्याच्या अपडेटबरोबर परत येतं.

अपडेटनेही जमलं नाही तर लोकल पोर्टची वाट आहे, आणि ती बहुतेक वेळा दोन्ही कोड टाळते. लॅपटॉपवर:

१. पत्त्याने डेस्कटॉप उघडा आणि प्रिंटर दिसतोय याची खात्री करा.
२. ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये हाताने प्रिंटर जोडण्याचा पर्याय घ्या आणि ‘मॅन्युअल सेटिंग्ज’सह लोकल प्रिंटर निवडा.
३. ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’, प्रकार ‘लोकल पोर्ट’.
४. पोर्टच्या नावात दोन उलट्या तिरक्या रेघा, डेस्कटॉपचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, प्रिंटरचं शेअरचं नाव. मध्ये एकही मोकळी जागा नको.
५. यादीतून आधी बसवलेला ड्रायव्हर निवडा आणि टेस्ट पेज काढा.

असं केलं की लॅपटॉप प्रिंटरला स्वतःचाच समजतो आणि तयार झालेली प्रिंट फाइल शेअरिंगच्या वाटेने डेस्कटॉपकडे ढकलतो. ज्या पद्धतीवर ते कोड येतात ती मधे येतच नाही. तोटा एक आहे: शाई किती उरली, कागद संपला का, हे लॅपटॉपवर नीट दिसत नाही.

प्रिंट रांगेत अडकून ‘डिलीटिंग’ असंच दिसत राहिलं तर सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा. सी ड्राइव्हमध्ये विंडोज > सिस्टिम३२ > स्पूल > प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली पुसा, फोल्डर नको. मग स्पूलर सुरू करा. लॅपटॉपवर हे करून भागलं नाही तर डेस्कटॉपवरही करा, रांग दोन्हीकडे असते.

प्रिंटरमध्ये स्वतःचं वाय-फाय किंवा लॅनची खाच असेल तर डेस्कटॉपमार्फत शेअर करायचं सोडून द्या. प्रिंटर थेट राउटरला जोडा, त्याच्यासाठीही पत्ता राखून ठेवा आणि दोन्ही मशीनवर ‘टीसीपी/आयपी ॲड्रेस’ देऊन जोडा. आपोआप बनणारं ‘डब्ल्यूएसडी’ पोर्ट बऱ्याचदा प्रिंटर विनाकारण ऑफलाइन दाखवतं. टीसीपी पोर्टवरही तसंच होत असेल तर पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची टिक काढा.

इथे थांबा

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर सेटिंग्ज बदलू नका. शेअरिंग तिथे कंपनीच्या धोरणाने बंद असतं, ते त्यांच्या आयटी विभागालाच विचारा.

लॅपटॉप स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचा असेल आणि प्रिंटरच्या कंपनीने त्याचा ड्रायव्हर काढलेला नसेल तर प्रयत्न सोडा. नेहमीच्या इंटेल-एएमडीचा ड्रायव्हर तिथे बसत नाही. पीडीएफ करून डेस्कटॉपवरून प्रिंट काढा.

राउटरचं पान इंटरनेटवाल्याने कुलूपबंद ठेवलं असेल तर पासवर्ड अंदाजाने टाकत किंवा रीसेटचं बटण दाबत बसू नका. रीसेटने कनेक्शनची माहितीही पुसली जाऊ शकते. त्यांना फोन करून रिझर्व्हेशन करून मागा.

प्रिंट स्पूलर सुरू केल्या केल्या पुन्हा पुन्हा बंद पडत असेल, किंवा डेस्कटॉपची डिस्क कुरकुर आवाज करत असेल, तर शेअरिंग बाजूला ठेवा. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तंत्रज्ञाला बोलवा.

शेअर केलेल्या फाइलींची नावं आपोआप बदललेली दिसली, शेवटी अनोळखी अक्षरं लागली आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी आली, तर त्याच क्षणी दोन्ही मशीनची वायर आणि वाय-फाय तोडा. काही पुसू नका, पैसे पाठवू नका, बॅकअपची डिस्क जोडू नका. जाणकाराला बोलवा.

तंत्रज्ञ येण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: दोन्ही मशीनचे पत्ते, विंडोजची आवृत्ती, आलेला कोड जसाच्या तसा, पत्त्याने उघडल्यावर तीनपैकी काय झालं, आणि डेस्कटॉपवरून टेस्ट पेज निघालं की नाही. राउटरच्या पानाचा आणि शेअरिंगच्या खात्याचा पासवर्डही हाताशी ठेवा. तंत्रज्ञ गेल्यावर मात्र राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला.